झेंडू लावला म्हणजे झाले?

टोमॅटोच्या शेताकडेला झेंडूची एक ओळ आता आपल्या भागात नवलाची राहिलेली नाही. कोबीच्या वाफ्यांत मध्येच मोहरीचा पिवळा पट्टा दिसतो, मिरचीभोवती मक्याचे कुंपण असते, कपाशीत कोठे कोठे एरंडी उभी असते. एस. टी.च्या खिडकीतून पाहणाऱ्याला हे दृश्य मोठे सुखावह वाटते. कृषी खात्याच्या फलकावर याला 'सापळा पीक' म्हणतात. शहरात गच्चीवर चार कुंड्या फुलवणारी मंडळी यालाच 'सोबतीची झाडे' असे गोड नाव देतात. नाव काहीही द्या. पण त्या टोमॅटोवाल्याला थांबवून विचारले, की दादा, हा झेंडू कशासाठी लावला, तर बहुधा उत्तर मिळते, "झेंडू असला म्हणजे कीड येत नाही."

सारी गोम या उत्तरात आहे. टोमॅटोच्या कडेचा झेंडू कीड येऊ नये म्हणून लावायचा नसतो. ती यावी म्हणूनच लावायचा असतो!

मला म्हणायचे आहे ते असे, की एका झाडाच्या साहाय्याने दुसऱ्या झाडाचे रक्षण करण्याची ही पद्धत खरी आहे, उपयोगी आहे आणि आज तिची गरजही आहे. परंतु ती म्हणजे दाराला बांधलेले लिंबू-मिरची नव्हे. लिंबू-मिरची बांधून माणूस निश्चिंत होतो. ही पद्धत निश्चिंत होणाऱ्याच्या कामाची नाही. ती रोज शेतात जाणाऱ्याची, पान उलटून पाहणाऱ्याची आहे. आणि पाहायचे कोणी, हा प्रश्न कोणताही मेळावा विचारीत नाही.

आधी झेंडूचेच पाहू. टोमॅटोचे फळ पोखरणारी अळी म्हणजे आपली परिचित घाटेअळीच. हरभऱ्याचे घाटे, तुरीच्या शेंगा, कपाशीची बोंडे, तिला काहीच वर्ज्य नाही. तिचा मादी पतंग रात्री हिंडतो आणि कळ्याफुलांच्या आसपास एकेक अंडे घालीत जातो. फुललेला झेंडू त्याला टोमॅटोपेक्षा अधिक पसंत पडतो. या आवडीचा फायदा घेऊन बेंगळुरूच्या भारतीय फलोत्पादन संशोधन संस्थेने एक रीत बसवून दिली आहे : टोमॅटोच्या दर १६ ओळींमागे झेंडूची १ ओळ. लागवड एकाच वेळी, परंतु टोमॅटोचे रोप २५ दिवसांचे आणि झेंडूचे ४० दिवसांचे. हा पंधरा दिवसांचा फरक कशासाठी? टोमॅटो फुलावर येईल तेव्हा झेंडूही फुललेला असावा, म्हणून. सारी युक्ती त्या पंधरा दिवसांत आहे. पुष्कळदा होते असे, की रोपवाटिकेतून टोमॅटोची रोपे येतात त्याच टेम्पोत झेंडूचीही येतात, दोन्ही एका वयाची. टोमॅटो फुलतो तेव्हा झेंडू नुसता हिरवागार. पतंगाने मग जायचे कोठे? तो टोमॅटोवरच जातो, आणि हंगामाच्या शेवटी आपण म्हणतो, झेंडूबिंडू सगळे थोतांड आहे.

दुसरा प्रकार दसऱ्याचा. झेंडूला दसऱ्या-दिवाळीला भाव असतो, म्हणून लागवड त्या बेताने होते. त्यात गैर काहीच नाही. चार पैसे मिळाले तर कोणाला नको आहेत? मात्र दसऱ्याचे वेळापत्रक आणि पतंगाचे वेळापत्रक दर वर्षी जुळेलच असे नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

आणि समजा, सारे जुळले. झेंडू वेळेवर फुलला, पतंगाने भरपूर अंडी घातली. मग? मग ती फुले पाहिली पाहिजेत, अळ्या वेचल्या पाहिजेत, किडकी फुले तोडून नष्ट केली पाहिजेत. तसे न केल्यास त्याच फुलांत अळ्या पोसल्या जातात, मातीत उतरून कोषात जातात, आणि त्यांचे पतंग पुन्हा आपल्याच टोमॅटोवर येतात. उंदराचा पिंजरा लावला, उंदीर आत गेला, आणि आपण पिंजऱ्याचे दार उघडे ठेवून झोपी गेलो, तर दोष पिंजऱ्याचा काय? सापळ्यासाठी लावलेले झाड न पाहता सोडले म्हणजे ते सापळा राहत नाही. ती किडींची बालवाडी होते.

कोबीतल्या मोहरीची गोष्ट तर याहून स्पष्ट आहे. चौकोनी ठिपक्यांचा पतंग ही कोबीची मुख्य शत्रू कीड. याच संस्थेच्या शिफारशीप्रमाणे कोबीच्या दर २५ ओळींमागे मोहरीच्या २ ओळी घ्यायच्या; एक ओळ कोबीच्या लागवडीच्या १५ दिवस आधी पेरायची आणि दुसरी लागवडीनंतर २५ दिवसांनी. पहिली मोहरी जून होऊन निबर झाली म्हणजे दुसरी कोवळी तयार असते. पतंगाला कोवळे पान लागते, हे हेरून केलेली ही व्यवस्था आहे. पण त्या शिफारशीतच पुढे असेही आहे, की मोहरीवर जमलेली कीड तेथेच मारून टाकावी, औषध फवारून. म्हणजे ही पद्धत 'संपूर्ण नैसर्गिक' नव्हे, हे प्रथम कबूल केले पाहिजे. पण २७ ओळींवर विष मारण्याऐवजी २ ओळींवर मारणे, आणि त्या २ ओळी बाजारात जाणाऱ्या नसणे, हा फरक लहान आहे काय? माझ्या मते तो फार मोठा आहे. शुद्धतेचा आग्रह धरणारे आमचे काही मित्र या दोन ओळींसाठी सारी पद्धतच टाकाऊ ठरवतात. आणि दुसरीकडचे लोक, 'शेवटी औषध मारावेच लागले ना?' म्हणून हसतात. दोघेही त्या २५ ओळींकडे पाहायला तयार नाहीत.

हेही सांगितले पाहिजे, की हीच मोहरी सर्वत्र सारखे काम करीत नाही. अमेरिकेत टेक्सासमध्ये कोबीत मोहरी घेऊन पाहिली, तेथे कोबीवरच्या अळ्या तिच्याकडे वळल्या नाहीत. एका गावचा उपाय दुसऱ्या गावी जसाच्या तसा चालेल असे धरून चालता येत नाही. मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींत मात्र 'हे झाड लावा आणि कीड विसरा' असे ठणकावून सांगितलेले असते. टोमॅटोजवळ तुळस लावा, मिरचीजवळ कांदा लावा, अमुकजवळ तमुक लावा. जणू झाडांच्या सोयरिकी जमवणारा कोणी मध्यस्थ पत्रिका पाहून बसला आहे!

झेंडूच्या बाबतीत तर दोन निराळ्या कामांचा सर्रास घोळ होतो. झेंडूच्या मुळांतून एक द्रव्य निघते, ते मुळांना गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना मारक ठरते. हे शास्त्राने सिद्ध झालेले आहे. परंतु हे काम मुळे जेथे असतील तेथेच होणार. बांधावरच्या एका ओळीने शेताच्या मध्यभागातील सूत्रकृमी कसे मरतील? त्यासाठी सबंध तुकड्यात दाट झेंडू घेऊन दोनअडीच महिने ठेवावा लागतो, आणि मग त्या जागी टोमॅटो किंवा वांगे लावावे लागते. म्हणजे घाटेअळीसाठी झेंडू टोमॅटोबरोबर, आणि सूत्रकृमीसाठी टोमॅटोच्या आधी. एकच झाड, पण नोकऱ्या दोन, आणि दोन्हींच्या वेळा वेगळ्या. शिवाय २०१४ साली महाराष्ट्रात प्रथम आढळलेली 'टुटा' ही टोमॅटोची नागअळी आहे. ती टोमॅटो-बटाटा-वांग्याच्या कुळावर जगणारी. तिच्यासमोर झेंडूचा सापळा मांडून उपयोग नाही. कोणती कीड आहे हे ठाऊक नसताना कोणते झाड लावायचे हे कसे ठरणार?

जाता जाता एक. या पद्धतीला 'आपले पुरातन ज्ञान' म्हणून मिरवण्याची हल्ली हौस आहे. झेंडू मेक्सिकोकडचा, टोमॅटो आणि मिरचीही अमेरिका खंडातून आलेल्या. पोर्तुगीज येण्यापूर्वी आपल्याकडे यांपैकी काहीही नव्हते. तेव्हा टोमॅटो-झेंडूच्या जोडीला वेदकाळात नेऊन बसवू नये. ती जोडी आपल्या शास्त्रज्ञांनी अलीकडे, मोजून मापून जुळवलेली आहे, आणि त्यातच तिची प्रतिष्ठा आहे.

मग आपले जुने असे काहीच नव्हते काय? होते. ते म्हणजे मिसळीचे पीक. ज्वारीच्या काही ओळींनंतर तुरीची एक ओळ, मध्येच कोठे मूग-मटकी, कडेला अंबाडी, चार दाणे राळ्याचे. तिफणीच्या मागे सरते धरून चालणारी बाई हे दुसरे बी सोडीत जाई. कोणते बी, कोणत्या ओळीला, किती पातळ, हे तिच्या मुठीत होते. यामागचा हेतू मुख्यतः किडीचा नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पाऊस दगा देईल या भीतीने, घरात डाळही हवी आणि भाकरीही हवी म्हणून, जनावराला कडबा हवा म्हणून ही पेरणी होती. पण तिचा एक परिणाम असा होई, की कोणत्याही किडीला सबंध रान एकाच पिकाचे असे सापडत नसे.

याचा उलगडा करणारे प्रयोग इंग्लंडमध्ये वेल्सबोर्न येथे झाले आहेत, आणि ते मला फार मनोरंजक वाटतात. कोबीच्या मुळाला लागणाऱ्या माशीवर ते होते. उघड्या जमिनीतल्या कोबीजवळ ३६ टक्के माश्यांनी अंडी घातली. हिरव्या क्लोव्हर गवतात उभ्या असलेल्या कोबीजवळ केवळ ७ टक्के माश्यांनी. का? समज असा, की दुसऱ्या झाडाच्या वासाने माशी पळते. म्हणून त्यांनी उग्र वासाची झाडे आणि बिनवासाची झाडे दोन्ही लावून पाहिली. वासाच्या झाडांनी काही अधिक काम केले नाही. इतकेच नव्हे, तर कोबीभोवती नुसता हिरवा कागद ठेवला तरी माशीचा गोंधळ उडाला! माशी कोबीच्या वासाने खाली येते, हिरवे दिसेल त्यावर बसते, ते कोबीचे पान नसले की उडते, पुन्हा बसते. असे चारदोनदा फसल्यावर ती त्या जागेचा नाद सोडते. म्हणजे आपल्या मिसळीच्या रानाने किडीला पळवून लावले असेल असे नाही. तिचा वेळ खाल्ला असेल. तुळशीचा सुगंध वगैरे कवितेसाठी ठीक आहे. शेतात कित्येकदा साधी गर्दी पुरते.

मिरचीभोवतीच्या मक्याचे कामही असेच निराळे आहे. मक्याला मावा लागत नाही असे नाही. उलट उडत आलेला मावा आधी उंच मक्यावर बसतो, तेथे सोंड खुपसतो, आणि तोंडाला लागलेला काही जातींचा विषाणू त्या मक्यातच पुसला जातो. पुढे मिरचीवर गेला तरी तो निदान रोग घेऊन जात नाही. हे घडायचे तर मिरची लावण्याआधी मका वाढलेला हवा. पुन्हा तेच : वेळ.

मिसळीच्या पिकाचे गोडवे गाताना आणखी एक गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. हैदराबादजवळ पाटनचेरू येथे १९७२ साली स्थापन झालेल्या 'इक्रिसॅट' या संस्थेत ज्वारी-तुरीच्या जोडीचा पुष्कळ अभ्यास झाला. ज्वारी सोबत असली म्हणजे तुरीचा मर रोग कमी होतो, असे दिसून आले. हा फायदा झाला. पण घाटेअळीच्या बाबतीत उलट निघाले. ज्वारीच्या कणसावर घाटेअळीची अंडी मोठ्या प्रमाणावर पडतात, आणि त्या अंड्यांवर जगणारा 'ट्रायकोग्रामा' नावाचा अगदी बारीक मित्रकीटक तेथे चांगले काम करतो. तर्क असा, की ज्वारी कापल्यावर हा मित्र शेजारच्या तुरीवर येईल आणि तिलाही वाचवील. तो आला नाही. तुरीची लवदार, चिकट शेंग त्याला मानवत नाही. ज्वारीचा मित्र तुरीचा मित्र झाला नाही, दोघी एकाच शेतात नांदत असूनही! निसर्गात सारे काही परस्परांच्या साहाय्यासाठी निर्माण झाले आहे असे मानणाऱ्यांनी या शेंगेची लव एकदा भिंगाखाली पाहावी.

हे सारे मी का सांगतो आहे? कला शाखेच्या वार्षिकात पतंगांची आणि शेंगांची चर्चा कशाला, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. त्याचे कारण असे, की आपल्यातले पुष्कळजण सोमवारी मराठीच्या तासाला बसतात आणि रविवारी पाठीवर पंप घेऊन फवारणी करतात. हातमोजे नाहीत, तोंडाला फडके असले तर असले, आणि दोन बाटल्यांतील औषध एकत्र करून मारावे की नाही हे दुकानदाराच्या सल्ल्यावर. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडोंना इस्पितळात ठेवावे लागले. त्यांत आपल्या वयाचेही होते. तेव्हा आठपंधरा दिवस वर्तमानपत्रांनी रकाने भरले. नंतर पुन्हा सारे शांत. कीटकनाशकांच्या दुष्परिणामांवर रेचेल कार्सनबाईंचे पुस्तक १९६२ साली आले, हे आपण पर्यावरणाच्या पेपरात लिहितो आणि गुणही मिळवतो. पण यवतमाळ आपल्या उत्तरपत्रिकेत येत नाही.

त्याच हंगामात विदर्भात गुलाबी बोंडअळीने बीटी कपाशीही पोखरली. तिची हकीकत आपल्या विषयाला फार जवळची आहे. २००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली ती एका अटीवर, की तिच्या कडेने साध्या कपाशीच्या ओळी लावाव्यात. पाकिटात ४५० ग्रॅम बीटी बियाण्याबरोबर १२० ग्रॅम साध्या कपाशीचे बी वेगळे दिलेले असे. साध्या कपाशीवर काही अळ्या जगाव्यात, त्यांचे पतंग बीटीतून वाचलेल्या एखाददुसऱ्या पतंगाशी जुळावेत, आणि बीटी पचवणारी जात सहजासहजी फोफावू नये, असा त्यातला विचार. हीसुद्धा सोबतीचीच लागवड! पण बहुतेकांनी ते छोटे पाकीट पेरलेच नाही. किडीला खायला मी माझ्या रानात वेगळी कपाशी का लावू, हा त्यांचा प्रश्न वेडगळ नव्हता; त्याचे उत्तर त्यांना त्यांच्या भाषेत कोणी दिले नव्हते, एवढेच. बोंडअळी बीटीला पुरून उरली याची कारणे अनेक आहेत, परंतु न पेरलेली ती पाकिटे हे त्यांतले एक निश्चित आहे. झेंडू 'कीड येऊ नये म्हणून' लावणे आणि ते पाकीट बांधावर फेकणे ही एकाच अज्ञानाची दोन टोके आहेत. आणि या अज्ञानाचा दोष मी शेतकऱ्याच्या माथी मारायला तयार नाही.

कारण त्याची अडचण खरी आहे. मिसळीचे पीक गेले ते काही कोणी मूर्खपणाने घालवले नाही. सोयाबीन एकदम काढून मळणीयंत्रात घालायचे तर मध्ये ज्वारीची ओळ परवडत नाही. निंदायला माणूस मिळत नाही म्हणून तणनाशक आले. आणि एका पिकाला चालणारे तणनाशक शेजारच्या पिकाला जाळते. व्यापारी एकाच मालाची गाडी भरून मागतो. टोमॅटोचा क्रेट आज काय भावाने जाईल याची सकाळपर्यंत शाश्वती नसते. अशा माणसाला फवारणी म्हणजे कीड मारणे नव्हेच, ती रात्रीची झोप आहे. त्याला 'निसर्गाकडे वळा' असा उपदेश करणे सोपे आहे. उपदेश करणाऱ्याच्या क्रेटला भाव मिळायचा नसतो.

आणि 'शून्य खर्च' हा जो शब्द हल्ली फार लाडका झाला आहे, त्यावर माझा आक्षेप आहे. या पद्धतीला औषधाचा खर्च कमी, हे मान्य. परंतु कपाशीतल्या एरंडीचे उदाहरण घ्या. पाने खाणारी अळी एरंडीच्या पानामागे पुंजक्याने अंडी घालते. अळ्या बाहेर पडल्या, की पहिले काही दिवस एकाच पानावर एकत्र राहून ते पान जाळीसारखे करतात. त्या दिवसांत ते एक पान तोडले, की शेकडो अळ्या एका मुठीत संपतात. चारसहा दिवस चुकले, की त्या रानभर पांगतात, आणि मग एरंडी लावल्याचा पश्चात्ताप तेवढा उरतो. ते जाळीदार पान बरोबर त्या दिवशी कोणाला दिसते? जो रोज रानात वाकून असतो त्याला. आपल्याकडे रोज रानात वाकून असते ती बाई. निंदताना, खुरपताना, भाजी तोडताना अळी पहिल्यांदा तिला दिसते. पण कृषी मेळाव्याचे निमंत्रण सातबाऱ्यावर ज्याचे नाव त्याला जाते. तो जाऊन जेवून, पिशवी-टोपी घेऊन येतो, आणि बाईला पुरुषापेक्षा कमी मजुरीवर अळ्या वेचायला सांगतो. तिच्या डोळ्यांची किंमत हिशोबात धरली नाही, म्हणून खर्च शून्य दिसतो! पूर्वी सरत्यावर तिची मूठ होती, म्हणजे पेरणीत तिचा शब्द होता. आता बी ट्रॅक्टरच्या पेटीतून पडते. सोबतीच्या पिकांची पद्धत खरोखरी आणायची असेल, तर झेंडूच्या रोपांवर अनुदान देण्याआधी पाहणीच्या कामाला मजुरी द्या, आणि मेळाव्यात पहिली रांग तिची ठेवा, असे मी म्हणेन.

सर अल्बर्ट हॉवर्ड नावाचे इंग्रज शास्त्रज्ञ १९०५ मध्ये बिहारातील पुसा येथे आले आणि पुढे इंदूरला त्यांनी काम केले. येथील शेतकरी आणि येथील किडी हेच आपले प्राध्यापक, असे त्यांनी मानले होते. (आमच्या प्राध्यापकवर्गाने यात आपली पंगत कोणाशेजारी लागली ते पाहून रागावू नये.) कीड ही शिक्षिका आहे, कारण ती कोठे आली, केव्हा आली, किती आली, हे पाहिले तर पिकाचे काय चुकले ते कळते. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनीही 'प्रयोग परिवारा'तून हेच केले : शेतकऱ्याने स्वतः मोजावे, लिहावे, शेजाऱ्याला सांगावे. ते काही कृषी पदवीधर नव्हते, गणिताचे शिक्षक होते. मोजायला पदवी लागत नाही.

म्हणून एक सूचना करतो. आपल्या महाविद्यालयाची राष्ट्रीय सेवा योजना दर वर्षी दत्तक गावात सात दिवसांचे शिबिर घेते. आपण गटार काढतो, भिंतींवर सुविचार लिहितो, आणि जून महिन्यात लावलेली रोपे जानेवारीत कोणी पाहत नाही. यंदा एक वेगळे करून पाहू. त्या गावातील दोन तयार शेतकरी घ्यावेत. एकाच्या टोमॅटोत १६ ओळींमागे झेंडूची ओळ बरोबर वयाची लावावी, दुसऱ्याच्या टोमॅटोत लावू नये. आठवड्यातून दोनदा दोघा-दोघांनी जाऊन ठरावीक वीस झाडे पाहावीत : अंडी किती, अळ्या किती, किडकी फळे किती, झेंडूवर किती, फवारण्या किती झाल्या आणि त्यांवर पैसे किती गेले. साधी दोनशे पानी वही पुरेल. शक्यतो त्या घरातल्या बाईंना बरोबर घ्यावे, आणि त्यांनी सांगितलेले शब्द जसेच्या तसे लिहावेत. मिसळीच्या पेरणीचे, सरत्याचे, किडींच्या नावांचे शब्द म्हाताऱ्या माणसांबरोबर चालले आहेत, ते टिपून घेणे हे मराठी विभागाचे काम नाही तर कोणाचे? अर्थशास्त्राच्या मित्रांनी खर्चाचा रकाना सांभाळावा, पाहणीच्या तासांना मजुरीचा दर लावून. आकडे कोणत्याही बाजूने आले तरी पुढील अंकात छापावेत. झेंडूने काहीच फरक पडला नाही असे निघाले तर तेही छापावे. दोन शेतांवरून फार मोठे निष्कर्ष काढता येणार नाहीत, पण पाहायचे कसे, हे तर आपल्याला येईल.

अडचण मला एकच दिसते. दसऱ्याच्या आगेमागे लावलेला टोमॅटो फुलावर येतो तो नेमका आपल्या सत्रपरीक्षेच्या दिवसांत, आणि पुढे लगेच दिवाळीची सुटी. पतंग तेव्हाच येतो. त्या तीन आठवड्यांतली पाने कोरी राहिली तर बाकीच्या वहीला काही अर्थ नाही. तेव्हा पाळ्या लावताना दत्तक गावाजवळ राहणाऱ्यांची नावे आधी घ्यावीत, आणि परीक्षेचे वेळापत्रक कार्यालयाने निदान महिनाभर आधी लावावे, अशी विनंती.